रविवारचा बावटा

आमच्या कुमुदचं बारसं झालं त्या वर्षीची ही गोष्ट. बारसं तिच्या आजोळी, मोर्वण्याला होतं. मी तिचा बाप, पण त्या दिवशी मुंबईत होतो. माझगावच्या एका वखारीच्या माळ्यावर 'डोलकाठी'च्या अंकांचे गठ्ठे सुतळीने बांधत होतो.

"पाळणा कसला केलाय म्हणालास?" फणसळकरने विचारलं. फणसळकर आमचा कंपोझिटर. खिळे जुळवताना त्याचं तोंड बंद राहत नसे.

"जुन्या डोलकाठीच्या लाकडाचा. माझ्या मेव्हण्याने स्वतः केलाय. जिवबाने."

"म्हणजे एक डोलकाठी तुझ्या मुलीच्या वाट्याला आणि एक आपल्या. तिचीच बरी म्हणायची. ती निदान हलते तरी."

मी हसलो नाही. बारशाला जायची रजा मी मागितली होती आणि आमच्या संपादक दिघेवकिलांनी, "असा अंक पुन्हा निघणार नाही, धाकू, बारशी पुष्कळ होतील," असं सांगून ती दिली नव्हती.

मी आधी शिडाच्या मचव्यावर तांडेल होतो. भाऊच्या धक्क्याला मचवा लागताना माझा उजवा हात मचवा आणि धक्का यांच्या मध्ये सापडला आणि तीन बोटं गेली. दोर धरता येईना तेव्हा स्वदेशी नौकासंघाने मला ठेवून घेतलं. हा संघ वकिलांनी आणि काही मचवेवाल्यांनी मिळून काढला होता. परदेशी कंपन्यांच्या आगबोटी आमच्या किनाऱ्यावरचा माल पडेल त्या भावात उचलायच्या आणि आमचे मचवे खाडीत कुजत पडायचे. किनाऱ्यावरची वाहतूक देशी गलबतांसाठी राखून ठेवावी, असं एक बिल दिल्लीच्या कायदेमंडळात यायचं होतं. त्या बिलासाठी 'डोलकाठी' निघत असे. पंधरा दिवसांनी सोळा पानं, त्यातली दोन इंग्रजी. ती इंग्रजी पानं दिल्लीचे सभासद हातात घेऊन बोलायचे. कुठल्या बंदरात किती मचवे रिकामे पडलेत ते मी धक्क्यावर फिरून विचारून यायचो, वकिलांना सांगायचो, आणि आठ दिवसांनी तेच दिल्लीत बोललं जायचं. मला त्याचा फार अभिमान होता. मला वाचता येत नव्हतं, तरीही.

मी सांगायचो एक आणि छापून यायचं दुसरं, ही गोष्ट वेगळी. "मचवा आठ महिने बांधून पडलाय" असं मी म्हणालो की फणसळकर वाचून दाखवायचा, "सदर नौका निष्क्रिय अवस्थेत आहे." एकदा मी विचारलं, "ही निष्क्रिय कोण?" तेव्हापासून तो मला धक्क्यावर निघताना म्हणायचा, "निष्क्रिय दिसली तर माझा नमस्कार सांग."

तर बारशाचा तो दिवस. गठ्ठा बांधता बांधता मी म्हणालो, "पहिल्या पानावर एवढं मोठं काय आहे?"

"मोठा खिळा लावलाय. ऐक." त्याने घसा साफ केला. "रविवारी बंदरोबंदरी बावटा! शीड उभारा, मुंबईस चला!"

माझ्या हातातली सुतळी सुटली.

"परत वाच."

त्याने परत वाचलं. मी गठ्ठा तसाच टाकून वकिलांच्या खोलीत गेलो.

वकील दिल्लीला तार लिहीत बसले होते. कायदेमंडळातले एक वजनदार सभासद पुढच्या आठवड्यातल्या रविवारी मुंबईत यायचे होते. देशी गलबतं आहेत कुठे, असं कंपनीवाले दिल्लीत विचारत होते. तेव्हा त्या सभासदांना बंदरात तीनशे शिडं एका वेळी उभी दाखवायची, असा वकिलांचा बेत होता. त्याच दिवशी किनाऱ्यावरच्या प्रत्येक बंदरात संघाचा झेंडा लागायचा होता; जवळच्या मचव्यांनी सकाळी मुंबईत पोचायचं, लांबच्यांनी त्या दिवशी निघून मागाहून यायचं.

"साहेब, तो बावटा शब्द काढा."

"का रे? तुझाच शब्द आहे. आपण झेंडा शिवून आणला त्या दिवशी तू म्हणालास, बावटा छान झालाय. मी तेव्हाच लिहून ठेवला."

"मुंबईत म्हणालो असेन. पण गावी बंदरात बावटा लागला म्हणजे वादळाची खूण. बंदराच्या कचेरीचा कारकून काठीवर काळा पिंजरा चढवतो, त्याला आम्ही बावटाच म्हणतो. बावटा लागला की कोणी दर्यात जात नाही."

"पण पुढे 'मुंबईस चला' असं म्हटलंय ना?"

"ते पुढे. बावटा ऐकल्यावर पुढचं कोण ऐकतो?"

वकिलांनी टाक खाली ठेवला. माणूस वाईट नव्हता. संघासाठी त्याने चालती वकिली सोडली होती, एकदा तुरुंगातही जाऊन आला होता. मला समजावण्यासाठी ते उठून माझ्याजवळ आले.

"झेंडा छापला तर उद्या पोलीस छापखान्याला कुलूप घालतील. मागच्या वर्षी एका पत्राचं तसंच झालं. बावटा छापला तर पोलिसाला वाटेल, हवामानाची बातमी आहे."

"पोलिसाला वाटेल तसंच खलाशालाही वाटेल, साहेब."

ते हसले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. "धाकू, दर्या तुझा. भाषा माझ्याकडे राहू दे."

अंक त्याच संध्याकाळी टपालात पडले.

पुढच्या मंगळवारी रत्नू तांडेल कौलं घेऊन धक्क्याला लागला. रत्नू मोर्वण्याचाच, जिवबाचा शेजारी. मला बघताच मचव्यावरूनच ओरडला, "बापूस झालंस रे! चेडू गोरा आसा, तुझ्यार गेला नाय, बरां झालां!"

खाली उतरला, तंबाखू मळली आणि मग म्हणाला, "तुमच्या वकिलाक देव पावलो हा की काय? मास्तरान देवळात अंक वाचून दाखवल्यान. रविवारी बावटो लागतलो म्हणे. आठ दिस आदी कसां कळलां त्याका?"

"अरे, तो वादळाचो न्हय. संघाचो बावटो. झेंडो, झेंडो!"

"मगे तसां छापा ना! आणि वर म्हणता, मुंबैक चला. बावटो लागल्यार खयचो शाणो दर्यात जातलो? सगळी देवळात हसत होती. वकिलाक सांग, तूच ये पोहत."

"मग तू गेल्यावर सांग सगळ्यांका."

"मी सांगान? माका खुळो म्हणतीत. छापलेला खरां काय रत्नूचा खरां?" तो तंबाखू तोंडात टाकून कौलं उतरवायला गेला.

मी पुन्हा वकिलांकडे गेलो. रत्नूने सांगितलं ते सगळं सांगितलं, पोहत येण्याचं सोडून. वकिलांचा चेहरा उतरला, पण ते ऐकेनात.

"एक पत्रक काढा, साहेब. चार ओळींचं. आजच्या आगबोटीने गेलं तर शुक्रवारी सगळीकडे पोचेल."

"पत्रक काढलं की ते कंपनीवाल्यांच्या हातात पडणार. मग त्यांचं इंग्रजी पत्र दिल्लीत लिहिणार, ज्यांना आपल्या खलाशांची भाषा कळत नाही ते खलाशांच्या वतीने बोलतात! त्या सभासदांसमोर माझं तोंड काय राहील?"

"आणि मचवेच आले नाहीत तर?"

"येतील. लोक शब्दावर येत नाहीत, धाकू, भावनेवर येतात."

मी छापखान्यात येऊन फणसळकरसमोर बसलो. इतका राग आला होता की डोळ्यांत पाणी आलं. मला दोन अक्षरं येत असती तर मी स्वतः पत्रक लिहिलं असतं. खिळे सगळे माझ्यासमोर खणाखणांत पडले होते. त्यातले कुठले तीन काढायचे आणि कुठले दोन घालायचे, तेवढंच मला ठाऊक नव्हतं.

"पत्रक मी जुळवतो," फणसळकर म्हणाला, "पण त्यांच्या सहीवाचून छापलं तर माझी नोकरी जाईल. तुमच्या गावात वाचता कोणाला येतं?"

"मास्तरला. आणि जिवबाला, तो तिसरीपर्यंत गेलाय."

"मग जिवबाला कार्ड टाक. सांग तू, लिहितो मी."

मी सांगितलं, त्याने लिहिलं. लिहून झाल्यावर वाचून दाखवलं. मग मीच म्हणालो की आणखी ठळक कर, नाहीतर तोही हसेल. फणसळकरने एक ओळ वाढवली. मी डाव्या हाताचा अंगठा उठवला. कार्ड त्याच दिवशीच्या टपालात गेलं.

रविवारी सकाळी आम्ही वकिलांबरोबर धक्क्यावर उभे होतो. वकिलांनी पांढरी टोपी घातली होती, हातात फुलांचा हार होता. ते सभासद मोटारीतून उतरले. संघाचा झेंडा काठीवर नुसता लोंबत होता, वारा मुळीच नव्हता. समुद्र तेलासारखा पडला होता. मला ते आवडलं नाही. दक्षिणेला आभाळ तांबूस काळं होतं.

दहा वाजले, अकरा वाजले. मुंबईतलेच चार पडाव आले आणि उरणचा एक मचवा आला, तोही गवत घेऊन, रोजच्यासारखा.

"हे तीनशे का?" सभासदांनी विचारलं. ते चांगलं मराठी बोलायचे. हार वकिलांच्या हातातच राहिला. दुपारी वारा सुटला, बंदराच्या कचेरीने खुणा चढवल्या आणि सभासद मोटारीत बसून निघून गेले. त्या रात्री मुंबईत झाडं पडली.

मला एकीकडे बरं वाटत होतं. कोणी निघालं नव्हतं, म्हणजे सगळे घरी होते. वकिलांची चूक किनाऱ्यावरच्या सगळ्या मचव्यांना पावली, असं मी फणसळकरला म्हणालो आणि आम्ही दोघेही त्यावर हसलो. मी हसलो हे मला नीट आठवतं.

तार बुधवारी आली. फणसळकरने ती उघडली, वाचली आणि घडी घालून माझ्या खिशात ठेवली. "घरी जा," एवढंच म्हणाला.

वादळानंतर आगबोटी पुन्हा सुरू झाल्यावर मी मोर्वण्याला पोचलो. माझी बायको येसू ओटीवर बसली होती. कुमुद पाळण्यात होती. पाळण्याला अजून लाकडाचा नवा वास होता. मी येसूच्या शेजारी बसलो. तिने पाळण्याची दोरी माझ्या हातात दिली.

रत्नू मला खाडीवर घेऊन गेला. जिवबाचा मचवा आत, टेकडीच्या मागे बांधलेला असायचा. तिथून बंदराच्या कचेरीची काठी दिसत नाही.

"शनिवारी सांजावता कारकुनान बावटो लावल्यान," रत्नू सांगू लागला. "खरो. काळो पिंजरो. आमी सगळ्यांनी दोर घट केलो. आयतवारी फटफटताना बघतंय तर जिवबा ओहोटीबरोबर बाहेर पडता. तीन गडी घेऊन. शीड उभारल्यान, आणि डोलकाठीक तुमच्या संघाचो फडको बांधल्यान. मी धावत वाळूत गेलंय आणि बोंब मारलंय, जिवबा, बावटो लागलो हा रे!"

"मग?"

"हसलो. हात हलवल्यान. म्हणता, माका म्हायत हा! म्हणान तर निघालंय!"

मी वाळूत बसलो.

"मी परत बोंब मारलंय, खरो बावटो रे, खरो! पण तवसर वारो फिरलो. त्याका आयकाक गेला नाय." रत्नूने माझ्याकडे बघितलं. "तुझ्या त्या अंकाचां काम सगळां. आमी आडाणी म्हणान वाचलंव. त्याका वाचूक येय होतां."

मचव्याची एक फळी आणि सुकाणू मिळालं. माणसं मिळाली नाहीत.

मुंबईला परत आलो तो थेट वकिलांच्या खोलीत गेलो. बसायला सांगायच्या आधीच बसलो. सगळं सांगितलं, जिवबाचं बोलणंही सांगितलं. वकिलांचे डोळे भरून आले. ते खोटं नव्हतं. त्यांनी कागद ओढला आणि लिहायला लागले.

"काय लिहिता?"

"अग्रलेख."

"त्यात एवढं घाला, की त्याला ठाऊक नव्हतं. आपल्या शब्दामुळे तो फसला. तो बावटा आपला आहे असं समजून तो निघाला."

ते लिहीतच राहिले. दोन दिवसांनी अंक आला. फणसळकरने माझ्याकडे न बघता वाचून दाखवला. मथळाच असा होता: बावटा लागलेला पाहूनही एक नरवीर निघाला! सोबत्यांनी थांबवलं तेव्हा त्याने उत्तर दिलं, "मला माहीत आहे, म्हणूनच निघालो." वर जिवबाचा फोटो होता, संघाच्या सभेतल्या एका जुन्या फोटोतून कापून घेतलेला.

मी अंक घेऊन वकिलांकडे गेलो. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्यावर ओरडलो.

"वादळ दिसत असताना तीन गडी घेऊन निघणारा नाखवा वेडा असतो! माझा मेव्हणा वेडा नव्हता! त्याला ठाऊक नव्हतं, एवढंच छापा! एक ओळ छापा!"

"दिल्लीच्या त्या सभासदांनी आज भर सभागृहात हे वाक्य वाचलं," वकील म्हणाले. आवाज शांत होता. "मी ते तारेने कळवलं होतं, तिकडून तार आलीय. सगळं सभागृह उभं राहिलं. तीनशे मचव्यांनी झालं नसतं ते या एका वाक्याने झालं. आता मी दुरुस्ती छापू?"

"छापा."

"काय छापू? शब्दामुळे फसला? कुठल्या शब्दामुळे? अंकातल्या शब्दाने तर सगळे घरी थांबले, तूच सांगितलंस. मग तो एकटा का निघाला?"

मी हातातल्या अंकाची घडी घालू लागलो.

"फणसळकरने मला कार्डाचं सांगितलंय," ते म्हणाले. "दुरुस्ती छापायची तर तेही छापावं लागेल. बायकोला काय सांगशील?"

त्यांनी ते धमकी म्हणून म्हटलं की दयेने, हे मला त्या दिवशी कळलं नाही. आजही कळलेलं नाही. मी उठलो आणि बाहेर जाऊन गठ्ठे बांधू लागलो.

बिल त्या बैठकीत आलंच नाही. पुढच्या बैठकीवर ढकललं, मग त्याच्या पुढच्या. 'डोलकाठी' दोन वर्षांनी बंद पडली. पण ते पान टिकलं. येसूने ते चौकटीत बसवून भिंतीवर लावलं. दर वर्षी त्या तिथीला ती त्याला हार घालायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, माझो भाव देशासाठी गेलो. मोर्वण्यालाही तेच झालं. छापून आल्यावर काही वर्षांनी रत्नूसुद्धा तसंच सांगू लागला. "खरो बावटो" म्हणून मारलेली हाक त्याच्या सांगण्यातून गळून गेली.

कुमुद मोठी होऊन शाळेत मास्तरीण झाली. मी अठ्ठेचाळीस वर्षांचा असताना तिने हट्ट धरला की बाबांना शिकवणार. पाटी आणली, माझ्या डाव्या हातात पेन्सिल दिली. पुस्तकातली अक्षरं बारीक, मला दिसेनात. तेव्हा ती म्हणाली, "थांबा, मामाच्या पानावर मोठी अक्षरं आहेत." तिने चौकट भिंतीवरून उतरवून माझ्या मांडीवर ठेवली आणि मथळ्यावर बोट टेकवलं.

"ब ला काना बा. व. ट ला काना टा. आता सगळं मिळून म्हणा."

मी पेन्सिल खाली ठेवली.

"म्हणा ना बाबा, सोपं आहे."

येसू चुलीपाशी बसली होती. तिकडूनच म्हणाली, "म्हणा की! भावाचो शब्द तो माझ्या."

"बावटा," मी म्हणालो.

"बघ, येतं की!" कुमुद टाळ्या वाजवत म्हणाली.

असा मी शिकलो. त्यानंतर वर्तमानपत्र वाचलं, पोथी वाचली, नातवंडांच्या परीक्षेचे निकाल वाचले. ते कार्ड मात्र मला कधीच वाचता आलं नाही. जिवबा ते चंचीत घालून निघाला असणार, कारण घरात सापडलं नाही. पण फणसळकरने वाचून दाखवलं होतं तसं ते मला पाठ आहे. आता मला लिहिता येतं, म्हणून इथे उतरवतो:

"जिवबास आशीर्वाद. रविवारी बावटा लागला असे कोणीही सांगितले तरी थांबू नको. तो वादळाचा नाही, आपला आहे. कोणाचे ऐकू नको. बेशक निघ. तुझा भावोजी, धाकू."

"कोणाचे ऐकू नको" ही वाढवलेली ओळ.

दिघेवकील आणि फणसळकर कधीच गेले. येसू गेल्या माघात वारली. चौकटीतलं पान तिने शेवटपर्यंत पुसलं आणि मी तिला शेवटपर्यंत सांगितलं नाही. जिवबा नाखवा आणि त्याचे तीन खलाशी, पांडू, गोपाळ आणि धाकटा महादू, हे कुमुदच्या बारशानंतरच्या कार्तिक वद्य षष्ठीला, रविवारी सकाळी, मोर्वणे बंदराच्या तोंडाशी बुडून मेले.